पहिलें पाऊल आणि शेवटचें

दोन महिन्यांपूर्वीं आमच्या घरीं एका जुन्या वहीवरून थोडा वाद झाला. वही आमच्या नातवाची, म्हणजे थोरल्या बंधूंच्या मुलाच्या मुलाची. तो यंदां बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि पुस्तकांचें कपाट आवरूं लागला. रद्दीच्या ढिगांत त्यानें आपली पर्यावरण विषयाच्या प्रकल्पाची वहीहि टाकलेली पाहून आमच्या वहिनींस वाईट वाटलें. "अरे, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते त्या वहीला! ती रद्दींत काय टाकतोस?" असें त्या म्हणाल्या. त्यावर तो हंसून म्हणाला, "आजी, गुण आजोबांना मिळाले होते. वही ठेवायचीच असेल तर त्यांच्या कपाटांत ठेवूं या."

घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. कारण मुलगा म्हणाला तें अक्षरशः खरें होतें. वहीचा विषय 'जलसंपत्ति व तिचा अपव्यय' हा होता. तो विषय दादांनीं सुचविला, मजकूरहि दादांनींच सांगितला, आणि अक्षर बरें म्हणून तो उतरून काढण्याचें काम आमच्याकडे आलें. मुखपृष्ठावरचें चित्र वहिनींनीं कापून चिकटविलें. निष्कर्षाचीं दोन पानें सूनबाईंनीं कचेरींतून छापून आणलीं. मुलगा त्या आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ शिकवणीला जात होता. त्यानें शेवटच्या पानावर सही केली. जगांतील मोठ्या नद्या, पर्जन्याचें चक्र, वाळवंटांचा विस्तार, सर्व कांहीं त्या वहींत होतें. तिच्यामुळें कोणत्याहि नळाचें थेंबभर पाणी वांचलें नाहीं. गुण मात्र पूर्ण मिळाले, आणि त्या दिवशीं आम्हीं सर्वांनीं पेढे खाल्ले.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी एखादी वही असेल, असा आमचा अंदाज आहे. पर्यावरणाचें शिक्षण सर्व विद्यार्थ्यांस मिळावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं दिला. पुढें तो विषय आला, विषयाबरोबर प्रकल्प आला, आणि प्रकल्पाबरोबर तो तयार करून देणारे वडीलधारे आले. ज्यांना सवड नाहीं त्यांच्यासाठीं दुकानांत तयार वह्याहि मिळूं लागल्या. आपण मुलास मदत करीत आहों, अशी आमची तेव्हां प्रामाणिक समजूत होती. ती समजूत चुकीची होती हें आम्हांस एका निराळ्याच गोष्टीवरून उमगलें. ती गोष्ट आमच्या अक्काची, आणि ती घडली अमेरिकेंत.

अक्का आमची वडील बहीण. तिनें तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. आपल्या गांवीं दूध, भाजी, बँक, देऊळ हें सर्व ती पायीं करी. गेल्या सप्टेंबरांत ती सहा महिन्यांसाठीं मुलीकडे, मेरीलँड राज्यांत, गेली आणि तेथें तिचें जग एका खिडकीएवढें झालें. मुलगी व जांवई सकाळीं आठाला कामावर जात, नात शाळेंत जाई. घरासमोर रस्ता होता. पण त्या रस्त्यावर माणूस दिसत नसे, केवळ मोटारी जात. कोठें जावयाचें झालें तर शनिवारची वाट पाहावयाची. जे आईवडील परदेशीं मुलांकडे राहून आले आहेत त्यांना ही खिडकी ओळखीची असेल.

ती नात, म्हणजे आमच्या भाचीची मुलगी, बारावींत होती. अमेरिकेंत शाळेच्या या शेवटच्या वर्षांतील मुलांना 'सीनियर' म्हणतात. त्यांनीं शाळा सोडण्यापूर्वीं स्वतःच्या बुद्धीनें एखादें काम उभारावें आणि तें आपल्या वस्तीच्या उपयोगीं पडावें, अशी चाल तेथें अनेक शाळांत व संस्थांत आहे. मेरीलँड राज्यानें तर १९९२ सालीं असा नियमच केला, आणि शाळेंतून उत्तीर्ण होण्यासाठीं समाजसेवेची अट घालणारें तें तेथील पहिलें राज्य ठरलें. सर्वसाधारणपणें ७५ तासांची सेवा करावी, आणि तींत तयारी, कृति व मागाहून चिंतन हे तिन्ही भाग असावे, असें तो नियम सांगतो. या अटीखालीं उत्तीर्ण झालेल्या मुलांचा पहिला वर्ग १९९७ सालीं बाहेर पडला. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतानेंहि १९९९ पासून ४० तासांची अशीच अट ठेविली आहे.

ज्यांना याहून मोठें काम करावयाचें असतें त्यांच्यासाठीं स्काउट संस्थांचे मान आहेत. मुलींच्या स्काउट संस्थेची स्थापना ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनीं १९१२ सालीं जॉर्जिया राज्यांतील सव्हाना शहरीं केली. तिचा सर्वांत वरचा मान 'गोल्ड अवॉर्ड' या नांवानें १९८० पासून दिला जातो. नववी ते बारावींतील मुलीनें आपल्या समाजांतील एक अडचण स्वतः हुडकावी, तिचें मूळ शोधावें, योजना आंखून ती तपासून घ्यावी, मदतनीस जमवावे, काम तडीस न्यावें, आणि आपण बाजूला झाल्यावरहि तें चालूं राहील अशी व्यवस्था करावी, अशी तेथें अपेक्षा असते. निदान ८० तास तरी या कामीं खर्च व्हावे, अशी सूचना आहे. मुलांच्या स्काउट संस्थेंत 'ईगल' हें पद याच जातीचें. तें पहिल्यानें १९१२ सालीं दिलें गेलें. त्यासाठीं २१ प्रावीण्यपदकें मिळवावीं लागतात, आणि वयाच्या अठराव्या वाढदिवसापूर्वीं देवालय, शाळा किंवा वस्ती यांच्या हिताचें एखादें काम स्वतः पुढारीपण करून पुरें करावें लागतें. तासांचा हिशेब तेथें नाहीं. नुसता निधि गोळा करून दिला तर तें काम धरलें जात नाहीं. ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांची संमति आधीं घ्यावी लागते. २०१९ पासून हें पद मुलींनाहि खुलें झालें. आणि २०२५ पासून ती संस्था 'स्काउटिंग अमेरिका' या नांवानें ओळखली जाते.

आमच्या नातीनें गोल्ड अवॉर्ड मनावर घेतलें. "आजीसारख्या लोकांना मी इंग्रजी शिकवणार," असें तिनें ठरविलें. तिनें सुरेख पत्रकें तयार केलीं, आठ धड्यांचा क्रम आंखला, ग्रंथालयांत एक खोली मागून ठेविली. परंतु योजना तपासणाऱ्या बाईंनीं तिला एवढेंच विचारलें, "हें त्यांना हवें आहे, असें तुला कोणीं सांगितलें?" मुलीला उत्तर देतां आलें नाहीं. त्या संध्याकाळीं ती वही घेऊन अक्काजवळ बसली.

पहिल्या दिवशीं अक्का म्हणाली, "मला ग काय कमी आहे? सगळें आहे." दुसऱ्या दिवशींहि तेंच. आमच्या पिढींतील बायकांचें हें ठरलेलें उत्तर आहे. तिसऱ्या दिवशीं नातीनें प्रश्न बदलला. "आजी, तूं आज तुझ्या गांवीं असतीस, तर दुपारीं काय केलें असतेंस?" अक्का सांगूं लागली. चार वाजतां पाय मोकळे करायला देवळापर्यंत जायचें, येतांना कोथिंबिरीची जुडी घ्यायची, वाचनालयांत मासिक बदलायचें, वाटेंत कुळकर्णीणबाईंच्या ओट्यावर घटकाभर टेकायचें. बोलतां बोलतां ती थांबली आणि मग म्हणाली, "तुम्ही मला शनिवारीं सगळीकडे नेतां, बाळ. पण मला कोणीं न्यायला नको आहे. मला जायचें आहे."

नातीनें हें वाक्य जसेंच्या तसें लिहून घेतलें आणि आठ धडे बाजूला ठेविले. पुढच्या दोन आठवड्यांत तिनें ओळखीच्या घरांतील आणखी नऊ आजी-आजोबांना गांठून हाच प्रश्न विचारला. कोणी पुण्याचे होते, कोणी नागपूरचे, एक बाई बेळगांवच्या. त्यांतील बहुतेकांना इंग्रजी बऱ्यापैकीं येत होतें! नागपूरचे आजोबा तर डाक खात्यांतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अडचण भाषेची नव्हतीच. अडचण होती ती बसगाडीची. बस घरापासून जवळून जात होती. पण थांबा कोठें, पैसे कसे द्यावयाचे, उतरावयाचें असलें म्हणजे खिडकीजवळची दोरी ओढावी लागते हें कोणाला विचारावयाचें, आणि परतीची बस चुकली तर काय, या भीतीनें दहाहि जणें घरांत बसलेलीं होतीं.

मग ती मुलगी रस्त्यावर उतरली. प्रत्येक घरापासून थांब्यापर्यंत ती स्वतः चालली, आणि मग अक्काला घेऊन चालली. तिची सहा मिनिटांची वाट अक्काला पंधरा मिनिटांची होती. पदपथ कोठें संपतो, टेकावयास बांक कोठें आहे, रस्ता ओलांडतांना हिरवा दिवा अक्काच्या चालीला पुरतो कीं नाहीं, हें सर्व तिनें टिपलें. नंतर तळहाताएवढ्या जाड कार्डांवर मोठ्या मराठी अक्षरांत एकेक वाट लिहिली: घरापासून ग्रंथालयापर्यंत, घरापासून देवळापर्यंत, घरापासून भाजीच्या दुकानापर्यंत. कार्डाच्या पाठीमागें इंग्रजींत गाडीवानासाठीं एक ओळ होती: मला अमक्या थांब्यावर उतरण्याची कृपा करून आठवण द्यावी. मराठी शुद्धलेखन अक्कानें तपासलें. आणि गणिताच्या बाई म्हणून वेळापत्रकाची बेरीज-वजाबाकीहि तिनेंच तपासली असती, तर पुढचा घोटाळा टळला असता.

पहिल्या फेरीला सहा जणें निघालीं. दिवस ऑक्टोबरांतील शनिवारचा, आणि कार्डांवर लिहिलेल्या वेळा सोमवार ते शुक्रवारच्या. बस येईना. थंडी वाढूं लागली. भाचीला घरीं हें कळलें तेव्हां ती मोटारीची किल्ली घेऊन दाराशीं आली. तेवढ्यांत अक्काचा दूरध्वनि आला: "गाडी आणूं नकोस. आणलीस तर आज आम्ही सुखरूप घरीं येऊं, पण पुन्हां कधीं निघणार नाहीं." बस पन्नास मिनिटांनीं आली. भाची पुढें आम्हांला म्हणाली, "मामा, तीं पन्नास मिनिटें मी किल्ली हातांत धरून दाराशीं उभी होतें. याहून कठीण काम मीं आयुष्यांत केलेलें नाहीं."

त्या सहांपैकीं दोघांनीं पुन्हां बसचें नांव काढलें नाहीं. हेंहि मुलीनें आपल्या अहवालांत लिहिलें. चूक कोणाची तेंहि लिहिलें. उरलेलीं चार जणें जात राहिलीं, हळूहळू आठ झालीं. डिसेंबरपर्यंत ती प्रत्येक फेरीला बरोबर असे. जानेवारीपासून ती मुद्दाम घरीं राहूं लागली. काम आपल्यावांचून चालतें कीं नाहीं, हें पाहावयाचें होतें. नागपूरच्या आजोबांनीं सर्व कार्डें आपल्या जुन्या खात्याच्या शिस्तीनें एका डब्यांत लावून ठेविलीं, आणि नव्यानें येणाऱ्या माणसाला पहिल्या फेरीला ते स्वतः नेऊं लागले. अक्का मार्चांत परतली. एप्रिलमध्यें तेथून निरोप आला कीं, आजोबा आतां नागपुरास निघाले असून डबा बेळगांवच्या बाईंकडे गेला आहे. त्या दिवशीं आम्हांस वाटलें, त्या मुलीचें काम आतां खऱ्या अर्थानें पुरें झालें.

या सर्व कथेंत बुद्धीचा मोठा चमत्कार नाहीं. कार्डें कोणालाहि लिहितां आलीं असतीं. मग तिच्या कार्डांत आणि आमच्या त्या सुवाच्य वहींत अंतर कोठें पडलें? शिक्षणशास्त्रांत याचें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच देऊन ठेवलेलें आहे. शाळा ही जगण्याची तयारी नसून तेंहि एक जगणेंच आहे, अशा विचारानें जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं शिकागो येथें आपली प्रयोगशाळा-विद्यालय काढलें. पुढें ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथेंच १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. ड्यूईंच्या विचारांचे सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं 'प्रकल्प पद्धति' या नांवाचा निबंध प्रसिद्ध केला. प्रकल्पाचीं चार पावलें त्यांनीं सांगितलीं: हेतु ठरविणें, योजना आंखणें, ती पार पाडणें आणि शेवटीं तिची पारख करणें. हीं चारहि पावलें शिकणाऱ्यानें स्वतः टाकावीं, असा त्यांचा आग्रह होता.

आमच्या घरच्या वहीचा हिशेब या चार पावलांनीं मांडून पाहिला. हेतु दादांनीं ठरविला. योजना आम्हीं आंखली. पार पाडण्याचें काम चार जणांत वांटलें गेलें. पारख परीक्षकांनीं केली. मुलाच्या वांट्याला एक सही आली. नातीच्या कामांत आईबापांनीं मोटार दिली असती, पैसे दिले असते, कार्डें छापून आणलीं असतीं, तरी तिसऱ्या पावलांतील ती मदत चालून गेली असती. परंतु काय करावयाचें, आणि झालें तें खरोखर उपयोगीं पडलें का, हे दोन प्रश्न तिचे होते. पहिलें आणि शेवटचें पाऊल तिचें होतें. तीं दोन्हीहि तिनें एकटीनें टाकलीं नाहींत, हें विशेष. ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांना विचारूनच तिनें तीं टाकलीं.

अक्कानें ही गोष्ट सांगितली तेव्हां आमचा नातू जेवणाच्या टेबलाशीं बसून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "मला वहीच्या वेळीं कोणीं विचारलेंच नाहीं." दादांनीं विचारलें, "विचारलें असतें तर तूं काय सांगितलें असतेंस?" तो म्हणाला, "आपली गच्चीवरची टाकी सांगितली असती."

मग कळलें तें असें. आमच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी रोज सकाळीं भरून वाहत असते. पाणी मागच्या बाजूस पडतें, म्हणून तें आम्हांस दिसत नाहीं. मुलाच्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे, म्हणून त्याला दिसतें. गेलीं दोन वर्षें तो रोज सकाळीं तें पाणी पडतांना पाहत होता, आणि त्याच घरांत आम्ही जगांतील वाळवंटांचा विस्तार उतरून काढीत होतों.

"मग आतां कर कीं," दादा म्हणाले. ते लगेच रखवालदाराला बोलावूं पाहत होते, एक पत्र लिहूं पाहत होते, टाकी भरतांच वाजणारी घंटा बाजारांतून आणूं पाहत होते. अक्कानें त्यांच्याकडे नुसतें पाहिलें. दादा खालीं बसले. मुलगा दुसऱ्या दिवशीं पहाटे उठून रखवालदाराच्या खोलीशीं गेला. त्याच्याहि मनांत घंटाच होती. रखवालदारानें त्याला आंत बसवून चहा दिला आणि सांगितलें, "घंटा आहे कीं, दादा. वाजतेहि. पण ती वाजते तेव्हां मी चौथ्या मजल्यावर दुधाच्या पिशव्या देत असतों."

सकाळीं साडेसहा ते सात या वेळांत रखवालदार घरोघर दूध आणि वर्तमानपत्रें पोंचवीत असतो. हें त्याच्या कामांत मोडत नाहीं; इमारतींतील अकरा बिऱ्हाडांनीं हळूहळू त्याच्या गळ्यांत घातलेलें तें काम आहे. त्या अकरांत आमचें बिऱ्हाड आहे; आणि खरें सांगावयाचें तर पहिलें आमचेंच. टाकी ज्यामुळें वाहत होती तें कारण रोज सकाळीं आमच्या दाराशीं पिशवी ठेवून जात होतें.

मुलानें यावर व्याख्यान दिलें नाहीं. त्यानें आठ दिवस टाकी वाहण्याची वेळ टिपली, तो कागद जिन्याजवळ लावला, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला जाऊन विचारलें कीं, दूध खालून आणतां येईल का? सात बिऱ्हाडें तयार झालीं. दोन घरांत वृद्ध एकटे राहतात. त्यांचें दूध वर पोंचविण्याचें काम आमच्या नातवानें व तिसऱ्या मजल्यावरील एका मुलीनें वांटून घेतलें. दोन बिऱ्हाडांनीं नकार दिला, आणि त्यांपैकीं एकानें रागानेंच दिला. टाकी आतां बहुतेक दिवशीं वाहत नाहीं. कधीं कधीं वाहते. जुलैंत मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं जाईल. त्यानंतर ती मुलगी, रखवालदार आणि आम्ही काय करतों, यावर त्याच्या कामाची पारख व्हावयाची आहे. या कामाला गुण नाहींत. वही तर रद्दींत गेलीच. परंतु दादा आतां रोज सकाळीं स्वतः खालीं जाऊन दूध आणतात, आणि येतांना मान वर करून गच्चीकडे पाहतात.

कोणी म्हणेल कीं, हें अमेरिकेचें खूळ आहे, आपल्याकडे बारावीच्या वर्षीं असल्या उद्योगांना वेळ कोठला? खूळ अमेरिकेचें म्हणावें, तर १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि उपयुक्त हस्तव्यवसायाभोंवतीं शिक्षण गुंफण्याची नई तालीम पुढें आली, ती याच महाराष्ट्राच्या भूमींत. पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत पाबळ हें अवर्षणग्रस्त गांव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं अमेरिकेंत उच्च शिक्षण घेऊन व मोठ्या संशोधनसंस्थांत काम करून, १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापिला. त्यांनीं आठवी ते दहावीच्या मुलांसाठीं मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बसविला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. मुलें आठवड्यांतील एक दिवस हातानें काम करितात, आणि तें काम शक्य तों गांवाच्या गरजेचें असतें: कोणाचा नळ जोडून दे, कोणाच्या शेतांतील मातीची परीक्षा कर, कोणाचा रक्तगट तपास. गांवकरी त्या कामाचा मोबदला देतात. म्हणून काम नीट झालें कीं नाहीं हेंहि गांवकरीच सांगतात. कलबाग २००३ सालीं निवर्तले. काम पुढें चालूं आहे. आमच्या नातीला जो प्रश्न त्या तपासणाऱ्या बाईंनीं विचारला, तो पाबळच्या मुलांना गिऱ्हाईक रोज विचारीत असतें.

अमेरिकेंत सर्व सोनेंच आहे, असेंहि आम्हांस म्हणावयाचें नाहीं. जेथें तासांचा हिशेब आहे तेथें तास भरून काढणारे आहेतच. महाविद्यालयांत प्रवेश मिळवितांना या कामांचें वर्णन उपयोगीं पडतें, म्हणून पैसे देऊन सल्लागार ठेवणारे आईबापहि तेथें आहेत. गरिबांच्या वस्तींत एक दिवस जाऊन छायाचित्रें काढून परत येणारीं मुलें दोन्हीकडे सारखींच. ही सेवा ज्याच्या दाराशीं जाते त्याला तिचा भार होतो. परीक्षा, पदक आणि प्रवेश हीं कामाच्या मागून आलीं तर बाधत नाहींत. पण तीं पुढें बसलीं कीं हेतु त्यांचा होतो, आणि मुलाचा उरत नाहीं.

वेळेच्या आक्षेपाला मात्र आम्ही हंसण्यावारी नेऊं इच्छित नाहीं. बारावीच्या मार्कांवर मुलाचें पुढील आयुष्य टांगलेलें असतें, ही घरोघरची खरी चिंता आहे. म्हणून आमची सूचना माफक आहे. परीक्षा संपून निकाल लागेपर्यंत, आणि निकाल लागून महाविद्यालय सुरू होईपर्यंत, आठ-दहा आठवडे मुलांच्या हातीं असतात. अभ्यासक्रमांत जो प्रकल्प असतो तोहि आहेच; त्याच्यासाठीं वेगळा वेळ शोधावा लागत नाहीं. तेवढ्यापुरत्या चार गोष्टी वडीलधाऱ्यांनीं पाळाव्या, असें आम्ही स्वतःच्या अनुभवावरून नम्रपणें सुचवितों.

पहिली ही कीं, विषय सुचवूं नये. "तुला रोज काय दिसतें आणि काय खटकतें?" एवढें विचारावें आणि उत्तर मिळेपर्यंत वाट पाहावी. पहिल्या दिवशीं उत्तर मिळणार नाहीं. अक्कानेंहि तिसऱ्या दिवशीं दिलें. दुसरी ही कीं, ज्याच्या उपयोगाचें काम त्याच्याशीं मुलानें आधीं बोलावें, मग तो रखवालदार असो, भाजीवाली असो कीं घरांतील आजी असो. तिसरी, मागितली तेवढीच मदत द्यावी: सुरी, शिडी, शंभर रुपये, एखादी ओळख. न मागितलेली मदत कपाटांत ठेवावी. चौथी सर्वांत अवघड. काम फसूं लागलें आणि त्यांत जिवाला धोका नसेल, तर किल्ली हातांत धरून दाराशीं उभें राहावें, पण निघूं नये.

एकत्र कुटुंबाला हें अधिक कठीण जातें, कारण आमच्या घरांतून एका मुलामागें मदतीचे आठ हात असतात आणि प्रत्येक हाताला प्रेमानें शिवशिव सुटलेली असते. परंतु त्याच घरांत विचारण्यासाठीं आजी असते, आजोबा असतात, धाकटीं भावंडें असतात. मुलाला पहिला प्रश्न विचारावयास उंबरठाहि ओलांडावा लागत नाहीं. आमच्या अक्काला सहा महिने खिडकींत बसलेली पाहून घरांतील सर्वांना वाईट वाटत होतें. तिला काय हवें तें मात्र सतरा वर्षांच्या मुलीनें तीन दिवस चिकाटीनें विचारलें तेव्हां कळलें.

अक्का पुढच्या वर्षीं पुन्हां मेरीलँडला जाणार आहे. तोंपर्यंत नात महाविद्यालयांत गेलेली असेल. "मग तुला विमानतळावर आणायला कोण येईल?" असें वहिनींनीं काळजीनें विचारलें. अक्कानें पिशवींतून आपलें कार्ड काढून दाखविलें. विमानतळाची वाट तिनें स्वतःच्या अक्षरांत त्यावर शेवटीं लिहून घेतली होती.